हुतात्म्यांच्या नावापुढचा रिकामा चौकोन

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबरला तुम्ही मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं जे पान काढलं होतं ते मी स्टुडिओच्या भिंतीला टाचून ठेवलंय, रोज काम करताना त्याच्याकडं नजर जाते. पान चांगलंच होतं, गावोगावच्या हुतात्म्यांची नावं तालुक्याप्रमाणं दिलीत, एवढी नावं एका जागी कुठं बघायला मिळत नाहीत. पण वर स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांचे फोटो आणि खाली गावाकडच्या माणसांच्या नावापुढं चौकोनात नुसती मशाल. एकदोघांचे फोटो होते, बाकी सगळ्या मशालीच. तुमची चूक नाही, फोटो मिळालेच नसणार. मला हे माहितीय कारण त्यातल्याच एका चौकोनातला माणूस मी गेल्या वर्षी रंगवलाय, आणि त्याचा चेहरा कुठनं आणला ते सांगायलाच हे पत्र लिहायलोय. पत्र लांबेल, जागा नसली तर मधलं कापा, पण शेवटी जे मागणं आहे ते तेवढं ठेवा ही विनंती.

मी पेंटर आहे, तीस वर्षं होऊन गेली. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आणि सुट्टीत एका साइनबोर्डवाल्या उस्तादांकडं ब्रश धुवायला लागलो, मग दुकानाच्या पाट्या, जीपच्या काचेवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे असं करत करत हात बसला. पोर्ट्रेट मात्र मी शिकलो ते ३० सप्टेंबर १९९३ नंतर. किल्लारीच्या भूकंपानंतर महिना-दीड महिन्यानं लोक उस्तादांकडं यायला लागले, कोणाच्या हातात लग्नातला ग्रुप फोटो, त्यात शेवटच्या रांगेतलं डोकं बोटानं दाखवायचे, कोणाकडं रेशनच्या कामासाठी काढलेला पासपोर्ट फोटो, तोही ढिगाऱ्यातनं काढलेला, मातीनं खरवडलेला. म्हणायचे एवढ्यावरनं मोठं करून द्या. आणि काही जण हातात काहीच न घेता यायचे. उस्ताद त्यांना बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि जमत नाही म्हणून परत पाठवायचे. फोटोशिवाय चेहरा काढायचा नाही असा त्यांचा नियम होता. तेव्हा मला तो बरोबर वाटायचा, पण परत जाणाऱ्या त्या माणसांच्या पाठी मला अजून आठवतात.

नंतर औरंगाबादला, आताचं छत्रपती संभाजीनगर, आर्ट कॉलेजला गेलो, परत आलो, आणि दोन-चार वर्षांत फ्लेक्स आला. पाट्यांचं काम गेलं ते गेलंच. त्यावर मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहितीय. राहिलं काय तर ऑर्डरची चित्रं, म्हणजे पतसंस्थेच्या हॉलसाठी महाराजांचं पोर्ट्रेट, समाजमंदिरात बाबासाहेब, शाळेत सावित्रीबाई, ३१ मेच्या आधी अहिल्याबाई, १ ऑगस्टच्या आधी अण्णाभाऊ. माझं घर ह्या जयंत्यांवर चाललं, पोरांची शिक्षणं झाली, आणि ह्या कामाचा मला मान आहे. कोणी म्हणतं ऑर्डरचं काम म्हणजे खरी कला नव्हे, मला ते पटत नाही. चेहरा ओळखू आला पाहिजे आणि त्यात माणूसही दिसला पाहिजे, ही काय सोपी गोष्ट आहे का.

पण इतिहासाच्या चित्रात एक अडचण कायम येते. ऑर्डर देणाऱ्याच्या डोक्यात चित्र आधीच तयार असतं आणि ते मोबाईलवरनं आलेलं असतं. एकदा एका मंडळानं महाराजांचा दक्षिणेतला प्रसंग सांगितला, सोबत व्हाट्सअपचं चित्र, त्यात मागं लालभडक फुललेला गुलमोहर. मी म्हणलं भाऊ, गुलमोहर मादागास्करचं झाड आहे, आपल्याकडं आलं एकोणिसाव्या शतकात, महाराजांच्या मागं ते कसं येईल. ते म्हणले असू द्या, चांगलं दिसतंय. दोन दिवस फोनवर बोलणी झाली, शेवटी पळस काढू असं ठरलं, तो आपल्या मातीतला, लालही तेवढाच दिसतो, आणि त्यांनाच नंतर तो जास्त आवडला. येडी बाभूळ तशीच. आपल्या माळावर बघावं तिकडं तीच दिसते म्हणून स्केचला गेलं की हात आपोआप ती काढतो, पण तीही बाहेरनं आलेली, इंग्रजांच्या काळातली, म्हणून जुन्या काळाचा माळ काढताना तिला आठवणीनं वगळावं लागतं आणि तिथं हिवर, बोर, आपली जुनी गावरान बाभूळ आणावी लागते. कोण बघतं एवढं, असं लोक म्हणतात. शाळेतली पोरं बघतात. सभागृहाच्या भिंतीवर जे दिसतं तेच त्यांच्या डोक्यात खरं म्हणून राहतं.

चुकीचं चित्र किती खोल जातं याचं मोठं उदाहरण आपल्याकडं आहेच. खुद्द महाराजांचं म्हणून कितीतरी वर्षं एका दुसऱ्याच सरदाराचं चित्र चालत होतं, लोक हार घालत होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच लोकांच्या कागदांतनं आलेलं महाराजांचं चित्र पुढं आणलं तेव्हा कुठं ते बदललं. महाराजांची त्या काळातली चित्रं परदेशातल्या संग्रहात आहेत, गोवळकोंड्याकडच्या चित्रकारांनी काढलेली, ती आता घरी बसून बघता येतात. मी प्रत्येक वेळी नवीन ऑर्डर आली की ती समोर ठेवतो, नाकाची ठेवण, दाढीचा आकार, कानातला मोती. सरकारनं मान्य केलेलं कोल्हापूरच्या जी. कांबळेंचं चित्र आहे तेही असतं. म्हणजे बघा, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा चेहरा काढताना माझ्यापुढं चार-पाच आधार असतात.

मलिक अंबरचं तर ऐका, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर, मुघलांशी लढलेला. संभाजीनगरच्या एका मित्राला पाण्याच्या इतिहासावर पॅनल करायचे होते, नहर-ए-अंबरीवर, त्यात मलिक अंबरचं पोर्ट्रेट पाहिजे होतं. खडकी त्यानं वसवली १६१० मध्ये, जमिनीखालनं नहर काढून शहराला पाणी आणलं, वारला १६२६ ला, कबर खुलताबादला. मला वाटलं ह्याचा चेहरा कुठनं मिळायचा, पण मिळाला. हाशिम नावाच्या मुघल चित्रकारानं काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या म्युझियममधे आहे, बाजूनं काढलेला चेहरा, सावळा रंग, भरलेलं अंग, पांढरा जामा, आणि डोळ्यात असा ठामपणा की हा माणूस कोणाचं ऐकून घेणारा नव्हे हे लगेच कळतं. हाशिम शत्रूच्या दरबारचा, तरी त्यानं माणसाला कमी केलेलं नाही. आणि त्याच जहांगीरच्या दरबारात अबुल हसन नावाच्या चित्रकाराकडनं दुसरं एक चित्र झालं, त्यात मलिक अंबरचं मुंडकं भाल्यावर टांगलंय आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात तसं कधी झालंच नाही, जहांगीरला तो शेवटपर्यंत हाती लागला नाही, म्हातारा होऊन मेला. ती बादशहाच्या मनातली गोष्ट होती, चित्रकारानं ती काढून दिली. मी ते चित्र कितीतरी वेळ बघत बसलो. ऑर्डरचं काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्या जागी उभा राहतो, पैसे देणाऱ्याला जे घडावं वाटतं ते काढायचं का जे होतं ते काढायचं.

तर चारशे वर्षांपूर्वीच्या मलिक अंबरचा चेहरा मला मिळतो आणि १९४८ साली निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या गोळीला बळी पडलेल्या आपल्याच शेजारच्या गावच्या पोराचा मिळत नाही. हे मला मागच्या वर्षी कळलं.

सीमेजवळचं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. ग्रामपंचायतीच्या सभागृहासाठी त्यांच्या गावच्या हुतात्म्याचं चार बाय तीन फुटी तैलचित्र पाहिजे होतं. पोरं चांगली, उत्साही, वर्गणी काढलेली. फोटो द्या म्हणलं तर त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यात एक देखणा तरुण, गोरापान, टोकदार मिशी, पांढरीशुभ्र खादी, मागं झेंडा, डोळ्यात पाणी चमकतंय. मी म्हणलं हा फोटो कधीचा, एवढा क्लिअर कसा. तर म्हणले, सर, एआयवर बनवलाय, नाव आणि गाव टाकलं, रझाकार टाकलं, आलं. ह्याच्यावरनं हुबेहूब काढून द्या.

मी लगेच नाही म्हणलो नाही. पोरांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना चेहरा पाहिजे होता आणि जिथं मिळाला तिथनं त्यांनी घेतला. मी फक्त विचारलं घरचं कोणी आहे का. एक बहीण आहे म्हणले, नव्वदीच्या पुढची, घरीच असते. मी म्हणलं चला, आधी आजीला दाखवू.

आजी ओसरीवर बसलेल्या. नातवानं मोबाईल डोळ्याजवळ धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग विचारलं, “ह्यो कोण म्हणायचा?” नातू म्हणला आज्जी, तुझा भाऊ की. तर त्या म्हणाल्या, “न्हाई बाबा. ह्यो कोणाचा तरी चांगला असंल. आमचा दादा असा नव्हता.” आणि मोबाईल हातानं बाजूला सारला. कोणी काही बोललं नाही. मला तेव्हा १९९३ ची ती रिकाम्या हातानं परत जाणारी माणसं आठवली आणि मी उस्तादांचा नियम मोडायचं ठरवलं.

आता हे कसं केलं ते जरा नीट सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला करायचं तर उपयोगी पडेल. आठवणीवरनं चेहरा काढायचा तर माध्यम असं पाहिजे की जे पुसता येतं. पेन्सिल खोडली की रेघ राहते, रंग तर लावला की लावला. कोळसा मात्र फडक्यानं झटकला की निघतो आणि मागं थोडी सावली ठेवतो, त्या सावलीवर परत काढता येतं. बाजारचा चारकोल महाग पडतो आणि इकडं वेळेवर मिळतही नाही, म्हणून मी कितीतरी वर्षांपासून तुराट्यांचा करतो. तुरीच्या वाळलेल्या काड्या बोटाएवढ्या कापायच्या, साल काढायची, पत्र्याच्या डब्यात गच्च भरून झाकण लावायचं, झाकणाला एक बारीक भोक, आणि चुलीच्या आरात ठेवायचं. भोकातनं धूर यायचा थांबला की डबा काढून तसाच झाकलेला थंड होऊ द्यायचा, गरम असताना उघडला की हवा लागून सगळी राख होते. मऊ कोळसा मिळतो, काळा पण करडा पण. त्या आजींनी कोळसा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, ही तर आमच्या रानातली तुराटी. त्यानंतर त्या माझ्याशी मोकळं बोलायला लागल्या.

तीन वेळा गेलो, तीन रविवार. पहिल्या दिवशी मी काही काढलंच नाही, नुसतं ऐकलं. चेहरा कसा होता असं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही, हे ध्यानात ठेवा. त्यापेक्षा विचारायचं की घरात आता कोण त्याच्यासारखं दिसतं, रागावला की काय करायचा, बैलामागं चालताना पटका कसा बांधायचा, जेवायला बसला की कोणत्या बाजूला तोंड. मग येतं. भुवईवर बैलाच्या शिंगाची खूण होती, डाव्या. कान मोठे, पुतण्याच्या नातवासारखे. हसला की एकच गाल आत जायचा. पटका तिरका, उजवा कान झाकून. गावातले आणखी एक आबा होते, तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, त्यांना मिशी आठवत होती, आजी म्हणायच्या मिशी नव्हती, फुटलीच नव्हती नीट. दोघांचं त्यावरनं चांगलंच वाजलं. शेवटी आबा म्हणाले, मी त्याला लांबनं बघितलेलं, तिनं जवळनं बघितलेलं, तिचं धरा.

दुसऱ्या रविवारी पाच-सहा स्केच काढले. प्रत्येकाला आजी न्हाई म्हणायच्या, मी झटकायचो, परत काढायचो. मग त्यांनी स्वतःच बोट पुढं केलं आणि जबड्याच्या खालचा कोळसा पुसला, बोटानं, एकदाच, असं खाली ओढून. हनुवटी निमुळती झाली आणि त्या तिथंच थांबल्या. पुढं बोलल्या नाहीत, पदर डोळ्याला लावला. घरातल्या बायकाही गप्प. मला कळलं की आला. तो कागद मी फिक्सेटिव्ह मारून जसाच्या तसा ठेवलाय, त्यावर त्यांच्या बोटाचा ठसा आहे, आणि मी आजपर्यंत काढलेल्या सगळ्या कामात तो कागद मी वर धरतो.

पुढचं काम सवयीचं. कपडे ठरवायला वेळ गेला, कारण पोरांना हातात तलवार पाहिजे होती आणि अंगात पांढरा शर्ट. मी १९४८ च्या आसपासचे जेवढे फोटो मिळतात तेवढे बघितले, मळकट सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडं, आणि हत्यार म्हणाल तर आबांनी सांगितलं की त्यांच्या गावात एकच भरमार बंदूक होती आणि तीही ह्याच्याकडं नव्हती, हा निरोप पोचवायचा. मग मी हातात काही दिलंच नाही. घोंगडं आणि काठी, एवढंच. पोरं थोडी नाराज झाली पण आजींनी एकदा मान हलवली की गावात पुढं कोण बोलणार. कॅनव्हासवर चौकडी टाकून स्केच मोठं केलं, बर्न्ट सायना पातळ करून पहिला हात, मग यलो ऑकर आणि पांढरा धरून चेहरा, उन्हात रापलेला पाहिजे होता. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर, ब्रशवरचं टर्पेंटाइन कॅनव्हासला लागायच्या आत उडून जायचं, पहाटे चारला उठून काम केलं.

पण माझं मन त्या तैलचित्रात पूर्ण रमलं नाही, खरं सांगतो. आजींचं जुनं घर पांढऱ्या मातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. ते त्या काळात जाळलं होतं, एक भिंत अजून उभी आहे, तिची माती मी विचारून टोपलंभर आणली. कॉलेजात असताना अजिंठ्याला गेलो होतो, १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढं आमच्या सरांनी सांगितलं होतं की हे सगळं मातीवर आहे रे, दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवताचे तंतू, शेण, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. रंग पण इथलेच, तांबडी-पिवळी काव, हिरवी माती, काजळी, चुना, फक्त निळा लाजवर्द तेवढा अफगाणिस्तानकडनं यायचा. ते डोक्यात बसलेलं. म्हणलं ह्या माणसाचा चेहरा त्याच्याच घराच्या मातीवर काढू.

पहिली फळी फुकट गेली. गिलावा चिकट व्हावा म्हणून मी पांढऱ्या मातीत थोडी काळी माती मिसळली, आणि काळी माती वाळताना किती आकसते हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागू नये, दुसऱ्या दिवशी फळीवर उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा. दुसऱ्या वेळी नुसती पांढरी, त्यात तूस, अंबाडीचे बारीक तंतू, थोडं शेण, आठ दिवस भिजत ठेवून रोज तुडवली. ती बसली. वर चुना, मग बाभळीच्या डिंकात घोटलेली काव आणि काजळी. रंग सुंदर आला, मऊ, अंगावर न येणारा. आणि मग मी हौसेनं वरनं व्हार्निश मारलं. आठवड्यात चेहरा पिवळट तपकिरी झाला, सगळा चुन्याचा पांढरेपणा गेला. अजिंठ्यातही हेच झालंय, १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते, त्यांनी निखळणारे रंग धरून ठेवायला शेलॅक, म्हणजे लाखेचं व्हार्निश वापरलं आणि पुढं तेच पिवळं पडत गेलं. हे मला माहीत असून मी तीच चूक केली. तिसरी फळी कोणतंही व्हार्निश न लावता केली, ती आता आजींच्या घरात आहे, देवळीच्या शेजारी, थेट ऊन आणि पाणी लागणार नाही अशा जागी.

तैलचित्र सभागृहात लागलं. कार्यक्रम झाला, हार, भाषणं. माझी एक अट होती आणि ती त्यांनी पाळली याचं मला समाधान आहे. फ्रेमखालच्या पट्टीवर नावाखाली एक ओळ आहे, “छायाचित्र उपलब्ध नाही, बहिणीच्या आठवणीवरून काढलेले चित्र.” सुरुवातीला काही जण म्हणले कशाला, लोकांना शंका येईल. मी म्हणलं उद्या कोणाला खरा फोटो सापडला तर त्याला कळलं पाहिजे की हे चित्र काढून ठेवायचं आणि तो लावायचा.

आता मागणं. साहेब, गुंजोटीचे वेदप्रकाश, बिलोलीकडचे गोविंदराव पानसरे, धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके ही नावं तरी लोकांना माहितीयत. पण निरोप पोचवणारे, भाकरी पोचवणाऱ्या बाया, लढ्याच्या कॅम्पमधल्या पोरांना रात्री घरात लपवणारे, ह्यांचं तोंड कसं होतं हे सांगणारी माणसं आता नव्वदीत आहेत आणि दर महिन्याला कमी व्हायलीत. वर सांगितलेले आबा यंदा उन्हाळ्यात गेले. फोटो अजिबात नाहीत असंही नाही, नीट शोधलेले नाहीत. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली, त्यांच्या जुन्या फायली कुठंतरी गठ्ठ्यात असतील, कित्येकांच्या अर्जावर फोटो असतील. हुतात्म्याचा फोटो नसला तरी त्याच्या भावाचा, बापाचा असेल, तोही चेहरा काढायला पुरतो. घराघरात पत्र्याच्या पेटीत, देवघरामागं, लग्नाच्या जुन्या ग्रुप फोटोत शेवटच्या रांगेत कोणीतरी उभं असतं. किल्लारीत आमच्याकडचं कितीतरी गेलं, जे उरलंय ते वाळवीच्या तोंडी जाण्याआधी बघावं.

तुम्ही एक करा. दर रविवारी एका कोपऱ्यात दोन-तीन नावं छापा, गाव छापा, पुढं तोच रिकामा चौकोन ठेवा, मशाल नको, आणि खाली लिहा की ह्यांचा फोटो किंवा ह्यांना बघितलेलं माणूस कोणाच्या माहितीत असेल तर कळवा. तुमचा पेपर गावागावात पारावर वाचला जातो, मोबाईलवरच्या मेसेजपेक्षा त्याचा वेगळा परिणाम होतो. आलेला फोटो स्कॅन करून मूळ घरच्यांना परत द्यावा, त्यांच्याकडनं काढून घेऊ नये, लोक त्यालाच भितात. आणि स्कॅनच्या प्रती एका जागी ठेवू नयेत. हेही अजिंठ्यावरनं सांगतो. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथं बसून नकला काढत होता, त्यातल्या बहुतेक लंडनला क्रिस्टल पॅलेसमधे १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जेजे स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या आपल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून दहा-बारा वर्षं परत तेच काम केलं, त्यातल्याही बऱ्याच १८८५ ला लंडनमधेच आगीत गेल्या. दोन पिढ्यांचे कष्ट, आणि मधल्या काळात लेण्यातली मूळ चित्रंही झडत राहिली. म्हणून एक प्रत जिल्हा ग्रंथालयात, एक विद्यापीठात, एक गावच्या शाळेत, असं पाहिजे.

आणि जिथं फोटो सापडणार नाही पण बघितलेलं माणूस आहे, तिथं चित्रकार पाठवा. आमच्या भागात एटीडी, जीडी आर्ट असे चित्रकलेचे डिप्लोमा झालेली कितीतरी पोरं बसून आहेत, हाताला चांगली आहेत, त्यांना हे दाखवलं तर एका दिवसात कळेल. मी स्वतः लातूर, बीड, धाराशिव, नांदेड ह्या चार जिल्ह्यांत कुठंही रविवारी जायला तयार आहे, एसटीनं जाईन. तैलचित्राची ऑर्डर असेल तर त्याचे पैसे घेईन, ते माझं पोट आहे, पण आठवणीवरनं कोळशानं काढायच्या स्केचचे घेणार नाही. फक्त म्हाताऱ्या माणसाजवळ घरातलं कोणीतरी ओळखीचं बसलेलं पाहिजे, आणि घाई करू नये, दोन-तीन वेळा जावं लागतं.

तुमच्या पानावरच्या दोन गावांत मी चौकशी केली. एका ठिकाणी हुतात्म्याची भावजय आहे, ऐकायला कमी येतं पण डोळे चांगले आहेत, त्यांच्या घरी पुढच्या रविवारी चाललोय. दुसऱ्या गावातल्या आजोबांना दवाखान्यात ठेवलंय म्हणून कळलं, ते घरी आले की जाईन. तुमच्या तालुका वार्ताहरांपैकी कोणी सोबत आलं तर बरं होईल, कारण ते बोलायला लागले की मला चित्र आणि लिहिणं दोन्ही एकदम जमत नाही.

आपला नम्र,
एक पेंटर,
जि. लातूर